‘पडद्यात पाणी झालंय’ : पण ते आलं कुठून?

वाचकांचे प्रश्न, नेत्रतज्ज्ञांची उत्तरे

डोळा तपासून घरी आलेल्या माणसाला ‘काय सांगितलं?’ असं विचारलं, की उत्तर बहुधा ठरलेलं असतं : ‘पडद्यात पाणी झालंय.’ ‘ताप आलाय’ म्हणण्यासारखंच हे. ताप कशाचा, हे कळल्याशिवाय औषध ठरत नाही, तसंच पडद्याखालचं पाणी कुठल्या थरातून आलं हे कळल्याशिवाय इंजेक्शन, लेसर की नुसतं थांबणं, हे ठरत नाही. नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी पडद्यामागच्या जाड झालेल्या कोरॉइड थराविषयीची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत.

वय ४७. चार वर्षांपूर्वी उजव्या डोळ्यात पाणी झालं होतं, ते तीन महिन्यांत आपोआप गेलं. यंदा छाटणीच्या वेळी लक्षात आलं, की डावा डोळा झाकला तर द्राक्षमांडवाची तार मधेच वाकलेली दिसते. ओसीटीच्या (पडद्याच्या थरांच्या स्कॅनच्या) रिपोर्टवर ‘पॅकिकोरॉइड’ आणि जाडी ४२० मायक्रॉन असं लिहिलंय. डॉक्टर म्हणतात, नव्या रक्तवाहिन्या उगवल्यात, डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल. मागच्या वेळी काही न करता बरं झालं, मग आता इंजेक्शन कशाला? आणि हे फवारणीमुळे झालं असेल का? — एक बागायतदार, तालुका निफाड

आधी थर समजून घ्या. ज्यावर चित्र उमटतं तो डोळ्याचा पडदा. त्याच्या पाठीला रंगद्रव्य असलेल्या पेशींची एकच ओळ असते. ती पडद्याचं पोषण करते आणि मागून येणारं पाणी अडवून परत पाठवते. तिच्या मागे एक पातळ पापुद्रा आणि त्याही मागे रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला कोरॉइड. कोरॉइडमध्ये पडद्याजवळ केशवाहिन्यांची जाळी आणि सर्वांत बाहेर मोठ्या शिरा. ‘पॅकि’ म्हणजे जाड. पण या आजारात सगळा थर सारखा जाड होत नाही. बाहेरच्या मोठ्या शिरा फुगतात आणि आतली बारीक जाळी त्यांच्या दाबाने चेपते.

तुमच्याच भाषेत सांगायचं तर हा निचऱ्याचा बिघाड आहे. चर तुंबला की वाफ्यात पाणी मुबलक असतं, पण वाफसा नसतो आणि पांढरी मुळी गुदमरते. इथेही मोठ्या शिरांत रक्त भरपूर, पण ते वाहून जाण्यात अडथळा, आणि ज्यांना प्राणवायू हवा त्या पेशींसमोरची जाळी चेपलेली.

४२० या आकड्याने घाबरून जाऊ नका. पडद्याच्या मध्यबिंदूखाली निरोगी कोरॉइडची जाडी साधारण २५० ते ३०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, पण ती माणसागणिक बदलते. वय वाढतं तशी दर दहा वर्षांना सुमारे १५ मायक्रॉनने घटते, मायनस नंबर मोठा असेल तर बरीच कमी असते, आणि एकाच डोळ्यात सकाळी जास्त तर संध्याकाळी कमी भरते. म्हणून दोन रिपोर्ट ताडून पाहायचे असतील तर दोन्ही तपासण्या शक्यतो एकाच यंत्रावर आणि दिवसाच्या एकाच वेळी करा. ४२० मायक्रॉन असलेले कित्येक डोळे आयुष्यभर ठणठणीत असतात. रिपोर्टवर जाडीपेक्षा महत्त्वाचं असतं ते हे, की फुगलेल्या शिरेच्या बरोबर समोर रंगद्रव्याची ओळ उचललेली आहे का.

आता मागच्या वेळेत आणि या वेळेत फरक काय? चार वर्षांपूर्वी तुम्हाला झालं ते बहुधा सेंट्रल सिरस, म्हणजे कोरॉइडमधलं पाणी पेशींच्या ओळीतल्या एखाद्या फटीतून पडद्याखाली झिरपणं. ते बहुतेकांचं तीन-चार महिन्यांत जिरतं. एक तृतीयांश ते निम्म्या लोकांना ते पुन्हा होतं. वारंवार झालं किंवा वर्षानुवर्षं रेंगाळलं, की त्या ओळीला प्राणवायू कमी पडतो, पेशी ‘व्हीईजीएफ’ नावाचं रसायन सोडतात आणि त्याच्या हाकेला कोरॉइडमधून नव्या वाहिन्या पापुद्रा भेदून वर येतात. या वाहिन्या ठिसूळ आणि गळक्या. त्यांना सोडून दिलं तर त्या पसरतात, रक्तस्राव करतात आणि शेवटी मध्यबिंदूवर व्रण ठेवून जातात. या अवस्थेला पॅकिकोरॉइड निओव्हॅस्क्युलोपथी म्हणतात. हे नाव २०१५ साली रुळलं, त्यामुळे जुन्या फाइलींत हाच आजार ‘वयोमानाने मॅक्युला (पडद्याचा मधला भाग) झिजणं’ या नावाखाली सापडतो. पन्नाशीच्या आतल्या माणसाला ते नाव पाहून उगाच म्हातारं झाल्यासारखं वाटतं.

वाहिन्या खरोखर आहेत का, याची खात्री ओसीटी अँजिओग्राफीने होते. त्यात हाताला सुई नाही, रंग नाही. हलणाऱ्या रक्तपेशी टिपून यंत्र वाहिन्यांचा नकाशा काढतं. साध्या ओसीटीवर रंगद्रव्याची ओळ उथळ, ओबडधोबड उचललेली आणि खालच्या पापुद्र्याची रेघ वेगळी, अशी दुहेरी रेघ दिसली तर मधल्या जागेत वाहिनी असण्याचा संशय दाट होतो. हा नकाशा न काढताच इंजेक्शन सुरू होत असेल तर तो काढून घ्या.

नेहमीचा क्रम असा : महिन्याच्या अंतराने व्हीईजीएफला रोखणारी तीन इंजेक्शनं, मग ओसीटी. पाणी गेलं असेल तर अंतर दोन-दोन किंवा चार-चार आठवड्यांनी वाढवत न्यायचं आणि जिथे पाणी परत दिसेल तिथून एक पाऊल मागे यायचं. तीन इंजेक्शनांनंतरही पाणी तसंच असेल तर चौथं टोचण्याआधी विचारा : हे पाणी नव्या वाहिनीचं आहे, की मागून कोरॉइडचंच झिरपतंय? या आजारात दोन्ही एकाच वेळी असू शकतात. इंजेक्शन वाहिनीला आवरतं, फुगलेल्या शिरेला फारसं नाही. तिथे थंड लेसरचा विचार होतो. त्याबद्दल खाली सविस्तर आहे.

फवारणीचं म्हणाल तर औषध उडाल्याने इजा होते ती डोळ्याच्या पुढच्या भागाला, बुबुळाला. छाटणीनंतर वेलीचे डोळे फुटण्यासाठी लावतात ते हायड्रोजन सायनामाइड तर चांगलंच दाहक आहे, त्यामुळे गॉगल हवाच. पण तुमचा आजार मागून सुरू झालाय. त्यासाठी फवारणीचा पंप तपासण्याऐवजी औषधांचा डबा तपासा. कंबर-गुडघ्यासाठी कुठून पुड्या आणता का? पुढचं उत्तर तुमच्यासाठीही आहे.

माझ्या मिस्टरांना (वय ३८) डाव्या डोळ्याने मधोमध करडा गोल दिसतो आणि वस्तू लहान दिसतात. पडद्याला सूज आहे म्हणून जवळच्या एका डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, आठवड्यात त्रास वाढला. त्यांना दमा आहे, पंप घेतात. पाळीत काम असल्याने झोप होत नाही. काय बंद करायचं? — एक वाचक, नाशिकरोड

वर्णन सेंट्रल सिरसचं आहे, आणि या आजारात स्टेरॉइड आगीत तेल ओततं. सुजेवर स्टेरॉइड हे समीकरण शरीरात इतरत्र बऱ्याचदा चालतं, त्यामुळे ही चूक सहज होते. पडद्याच्या डॉक्टरांना दाखवेपर्यंत नवी गोळी सुरू ठेवायची की नाही, हे आजच्या आज फोन करून विचारा. चार-आठ दिवसांचाच कोर्स असेल तर सहसा लगेच थांबवता येतो. पण जे लोक आठवडेच्या आठवडे प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन किंवा डिफ्लाझाकॉर्ट घेत आहेत त्यांनी ते एकदम बंद करू नये. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं आणि रक्तदाब कोसळू शकतो. मात्रा पायरीपायरीनेच उतरवावी लागते.

दम्याचा पंप तर मुळीच मनाने बंद करू नका. दम्याचा झटका जिवावर बेतू शकतो. सेंट्रल सिरस बहुधा जिरतो. छातीच्या डॉक्टरांना डोळ्याचा रिपोर्ट दाखवा. पंपात स्टेरॉइड असेल तर ते कमीत कमी मात्रेवर आणता येतं का, हे ते ठरवतील.

स्टेरॉइड गोळीतूनच जातं असं नाही. नाकात मारायचा ॲलर्जीचा स्प्रे, गुडघ्यात किंवा खांद्यात दिलेलं इंजेक्शन, नायट्यावर महिनोन्महिने चोळलेलं क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनचं मलम, जिममध्ये कुणी सुचवलेलं टेस्टोस्टेरॉन, हे सगळं मोजायचं. सांधेदुखीवर ‘एका दिवसात आराम’ देणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ सापडते, म्हणून पुडी सोबत नेऊन दाखवा. तपासणीत ‘स्टेरॉइड घेता का?’ असं विचारलं की लोक ‘नाही’ म्हणतात आणि खरंच बोलत असतात, कारण पुडीवर तसं लिहिलेलंच नसतं.

स्टेरॉइड गेल्यावर पहिले तीन-चार महिने बहुधा फक्त पाहत राहायचं, दर चार-सहा आठवड्यांनी ओसीटी. ताण, अपुरी झोप, रक्तदाब आणि झोपेत श्वास अडकणारं घोरणं यांचा या आजाराशी संबंध आढळतो. तेव्हा पाळी बदलून मिळत असेल तर घ्या आणि जोरात घोरत असतील तर झोपेची तपासणी करा. एप्लेरेनोन नावाची गोळी पूर्वी सर्रास दिली जायची. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या व्हीआयसीआय या ब्रिटनमधल्या चाचणीत जुनाट सेंट्रल सिरसवर तिचा उपयोग साध्या खोट्या गोळीपेक्षा जास्त दिसला नाही. ती पोटॅशियम वाढवते, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. फायद्याविना ही दगदग कशाला?

आमचे आप्पा ६४ वर्षांचे आहेत. अचानक एका डोळ्यासमोर काळा डाग आला. पडद्याखाली रक्त आहे, ‘पीसीव्ही’ आहे, पॉलिप आहेत असं सांगितलं. पॉलिप म्हणजे कॅन्सर का? हाताच्या शिरेतून हिरवा रंग देऊन फोटो काढायचे आणि इंजेक्शनसोबत ‘कोल्ड लेसर’ करायचा असं ठरतंय. मुंबईला न्यावं का? त्यांना हृदयासाठी ॲस्पिरिन चालू आहे. — एक मुलगी, सिन्नर

कॅन्सर नाही. पॉलिप हा शब्द इथे फक्त आकारासाठी वापरतात. रंगद्रव्याच्या ओळीखाली पसरलेल्या असामान्य वाहिन्यांच्या टोकांना घडातल्या मण्यांसारखे फुगे येतात, ते पॉलिप. पीसीव्हीचं पूर्ण नाव पॉलिपॉइडल कोरॉइडल व्हॅस्क्युलोपथी. अमेरिकन नेत्रतज्ज्ञ लॉरेन्स यान्नुझी यांनी ते १९८२ साली प्रथम मांडलं. आशियाई लोकांत हा आजार गोऱ्या लोकांपेक्षा बराच जास्त आढळतो आणि अनेक रुग्णांत त्याच्या मुळाशी वर सांगितलेला जाड कोरॉइडच असतो. फुगा फुटला की आप्पांसारखा अचानक डाग येतो.

हिरवा रंग म्हणजे इंडोसायनिन ग्रीन. नेहमीचा पिवळा रंग, फ्लुरोसिन, कोरॉइडच्या बारीक जाळीतून लगेच बाहेर गळतो आणि मागचं चित्र धूसर करतो. हिरवा रंग रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून राहतो आणि त्याचा प्रकाश पातळ रक्ताच्या थरातूनही पार होतो, म्हणून पॉलिप नेमका त्यात दिसतो. त्यात आयोडाइड असतं. आयोडीनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. सोबत पिवळा रंगही दिला तर दिवसभर लघवी गर्द पिवळी-केशरी होईल, त्वचा पिवळट दिसेल. ही कावीळ नव्हे.

‘कोल्ड लेसर’ म्हणजे फोटोडायनॅमिक थेरपी, पीडीटी. वर्टेपोर्फिन हे औषध शरीराच्या दर चौरस मीटर क्षेत्रफळाला ६ मिलिग्रॅम या हिशेबाने दहा मिनिटांत शिरेतून सोडतात. मध्यम बांध्याच्या माणसाला ते साधारण १० मिलिग्रॅम भरतं. सुरुवातीपासून पंधराव्या मिनिटाला ६८९ नॅनोमीटरचा लाल प्रकाश फक्त आजारी जागेवर ८३ सेकंद टाकतात. औषध तिथेच जागं होतं आणि आतून वाहिनी बंद करतं. प्रकाशाने ऊती भाजत नाही, म्हणून ‘थंड’. जुनाट सेंट्रल सिरसमध्ये हेच औषध निम्म्या मात्रेत, म्हणजे ३ मिलिग्रॅमच्या हिशेबाने देतात. २०१८ च्या ‘प्लेस’ या चाचणीत निम्म्या मात्रेच्या पीडीटीने सहा-आठ आठवड्यांत १०० पैकी ५१ जणांचं पाणी पूर्ण गेलं, मायक्रोपल्स नावाच्या दुसऱ्या लेसरने १४ जणांचं.

औषध जाताना कंबर दुखू लागली तर तिथल्या तिथे सांगा, ते माहीत असलेलं लक्षण आहे. हाताच्या शिरेबाहेर औषध सांडून जळजळ झाली तर तेही लगेच सांगा. मग ऊन टाळणं. किमान ४८ तास, काही ठिकाणी पाच दिवस सांगतात. सिन्नरहून दुचाकीवर नेऊ-आणू नका. पूर्ण बाह्या, मोजे, टोपी, गडद चष्मा घालून बंद गाडीतून, शक्यतो सूर्य मावळल्यावर आणा. सनस्क्रीन इथे कुचकामी, कारण हे औषध अतिनील किरणांनीच नाही, साध्या दिसणाऱ्या उजेडानेही जागं होतं. पण अंधाऱ्या खोलीतही कोंडू नका. घरातला सौम्य उजेड त्वचेतलं उरलेलं औषध हळूहळू निकामी करतो. दातांच्या डॉक्टरांचा दिवा आणि हॅलोजन या काळात नको.

पीडीटी हवीच का? एव्हरेस्ट-२ या आशियाई रुग्णांवरच्या चाचणीत रॅनिबिझुमॅब (व्हीईजीएफला रोखणारं इंजेक्शन) आणि पीडीटी एकत्र दिल्यावर वर्षभराने १०० पैकी ६९ जणांचे पॉलिप पूर्ण बंद झाले, नुसत्या इंजेक्शनाने ३५ जणांचे. इंजेक्शनंही कमी लागली. दुसरीकडे प्लॅनेट या चाचणीत नुसत्या ॲफ्लिबरसेप्ट या त्याच गटातल्या इंजेक्शनवर दहापैकी आठांहून अधिक जणांना पीडीटीची गरजच पडली नाही. वर्टेपोर्फिनचा जगभरच तुटवडा राहिला आहे. औषध मिळत असेल तर एकत्र उपचार चांगला, पण त्याची वाट पाहत इंजेक्शन लांबवू नका. आज इंजेक्शन, औषध आल्यावर पीडीटी, असा क्रम चालतो.

रक्ताचं मात्र घड्याळ लावून पाहावं लागतं. पडद्याखाली साचलेलं रक्त प्रकाशपेशींना विषासारखं असतं. मध्यबिंदूखाली जाड थर असेल तर तो सरकवण्याची प्रक्रिया साधारण पहिल्या दोन आठवड्यांत केली तरच उपयोग होतो. त्यात गुठळी विरघळवणारं औषध आणि वायूचा बुडबुडा डोळ्यात सोडतात आणि काही दिवस पालथं राहायला सांगतात. मुंबईला न्यायचं असेल तर एक गोष्ट आधी विचारा. मुंबई समुद्रसपाटीला, आपण साधारण ६०० मीटरवर. कसारा घाट चढून आलं की हवेचा दाब सुमारे ७ टक्क्यांनी उतरतो, बुडबुडा त्या मानाने फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. मोठा बुडबुडा असताना घाट चढला आणि वाटेत डोळा ठणकू लागला, मळमळलं, दिसेनासं झालं, तर ती आणीबाणी समजा. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच सांगा, ‘आम्ही घाटावरचे’. डॉक्टर वायू, त्याची मात्रा किंवा मुक्काम त्याप्रमाणे ठरवतील. एसएफ-६ वायू सुमारे दोन आठवडे टिकतो, सी-३ एफ-८ सहा ते आठ. तोवर विमान नाही, सप्तशृंगगड नाही, आणि दुसऱ्या कुठल्या शस्त्रक्रियेत भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना बुडबुड्याची कल्पना द्यायची, कारण नायट्रस ऑक्साइडने तो झपाट्याने फुगतो.

ॲस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांचा होकार नसेल तर मुळीच नाही. रक्तदाब मात्र रोज मोजा आणि लिहून ठेवा.

इंजेक्शननंतर डोक्यावरून अंघोळ कधी? मला रोज रामकुंडावर जायची सवय आहे. आणि स्वस्त इंजेक्शन कॅन्सरचं असतं म्हणे? — एक आजी, पंचवटी

आजी, रामकुंडावर जा, हात जोडा, पण एक आठवडा बुडी नको आणि ओंजळीने डोळ्यांवर पाणी नको. नदीचंच कशाला, नळाचं पाणीही तीन-चार दिवस डोळ्यात जाऊ देऊ नका. मानेखालून अंघोळ त्याच दिवशी चालते. पुढे सिंहस्थात गर्दीचं स्नान करायचं असेल तर इंजेक्शनची तारीख आधी डॉक्टरांशी बोलून जुळवून घ्या. तारीख चुकवू मात्र नका.

सुई बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागातून जाते. औषध ०.०५ मिलिलिटर, म्हणजे एका थेंबाएवढं. आधी ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन घालतात. संध्याकाळी डोळा चुरचुरतो तो बहुधा त्यानेच. पांढऱ्यावर लाल डाग आणि एक-दोन दिवस तरंगणारे काळे गोल बुडबुडे, हे चालतं. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दुखणं वाढत गेलं, लाली वाढली आणि नजर उतरली, तर आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. हा हजारांत एखाद्याला होतो, पण तासातासाने डोळा हातचा जातो. रविवार असला तरी त्याच दिवशी जा, सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नका.

ते स्वस्त इंजेक्शन म्हणजे बेव्हॅसिझुमॅब. ते मूळ आतड्याच्या कॅन्सरचं औषध, हे खरं. तिथे ते शेकडो मिलिग्रॅम देतात, डोळ्यात १.२५. मोठ्या बाटलीतून लहान मात्रा काढताना निर्जंतुकपणा कसा पाळतात, एवढंच विचारा. औषध म्हणून त्यात कमीपणा नाही.

घरी तपासायला काय करावं? — एक शिक्षक, देवळाली

कागदावर दहा सेंटिमीटरचा चौकोन काढा, त्यात पाच मिलिमीटरच्या चौकटी, आडव्या वीस, उभ्या वीस. मधोमध ठळक ठिपका. जवळचा चष्मा लावून कागद ३० ते ३५ सेंटिमीटरवर धरा, एक डोळा तळहाताने झाका (बोटांनी झाकला तर फटीतून दिसतं) आणि फक्त ठिपक्याकडे पाहा. रेघा वाकल्या, तुटल्या किंवा पुसट झाल्या तर त्या जागी पेन्सिलने खूण करून तारीख टाका. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर चांगला डोळा वाईटाची चूक झाकून टाकतो, म्हणून तर लोक महिनोन्महिने उशिरा येतात. आठवड्यातून दोनदा पुरे. खूण वाढली तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.

गाजर, ल्युटीनच्या कॅप्सूल? — सिडको

गाजर खा, चांगलंच असतं. कॅप्सूलचा फायदा सिद्ध झालाय तो वयोमानाच्या मॅक्युला आजारात, तोही पिवळे कण साचलेल्या विशिष्ट टप्प्यात. जाड कोरॉइडच्या आजारात तसा पुरावा नाही.

विमा कंपनी म्हणते, रात्रभर भरती नाही म्हणून दावा नाही. — सातपूर

विमा नियामकाने डोळ्याच्या आत दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांचा समावेश आधुनिक उपचारांच्या यादीत केलेला आहे. पॉलिसीत त्यावर रकमेची मर्यादा असू शकते, पण ‘हा उपचारच वगळलेला’ असं म्हणता येत नाही. नकार लेखी मागा. पॉलिसीत ‘इंट्राविट्रिअल इंजेक्शन’ आणि ‘डे केअर’ हे शब्द शोधा. दाव्यासोबत तारखेसह ओसीटी, औषधाच्या बाटलीवरचा बॅच क्रमांकाचा स्टिकर आणि निदानाचं पूर्ण नाव लिहिलेली चिठ्ठी जोडा. तिच्यावर नुसतं ‘पडद्यात पाणी’ असेल तर परत जाऊन नाव लिहून आणा.